मामाच्या झोपेचा आलेख

माझ्या मामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. छापखान्यात रोटरी मशीनवर त्याने एकतीस वर्षं काढली. मशीन त्याच्या डाव्या हाताला असायचं, आणि तो कान त्याने हळूहळू मशीनला देऊन टाकला. मला हे लहानपणापासून माहीत होतं. इतकं अंगवळणी पडलं होतं की एक दिवस ते मी चक्क विसरले. विसरले ते एक वेळ चालून गेलं असतं. आठवल्यावर मी जे केलं, ते अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि मी मामा-मामीकडे आले. त्यांना मूल नव्हतं. जेवताना मी मामाच्या उजव्या हाताला बसायचे. तसं मला कुणी शिकवलं नव्हतं; डावीकडून बोललं की उत्तर येत नाही, हे दोन दिवसांतच कळलं होतं. मामी रागावली की मुद्दाम डावीकडे उभी राहून बोलायची. मग मामा मला डोळा मारून म्हणायचा, "लोकांचं या कानातून आत आणि त्या कानातून बाहेर. माझं एकदा आत गेलं की गेलं. पलीकडचं दारच बंद!"

आवाजाचा नाद मला त्याच्यामुळेच लागला. शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली की मी छापखान्यात जायचे. पायाखालची जमीन थरथरत असायची. मामा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायचा, "ऐक! त्या खडखडीच्या मागे एक बारीक टकटक आहे बघ. तिसऱ्या रोलरचं बेअरिंग. चार दिवसांत बसणार." ते पाचव्या दिवशी बसलं. "एक दिवस जास्तच ओढलं बिचाऱ्याने," मामा म्हणाला.

पुढे मी ध्वनीचंच शिकले. संगणकावर आवाज घडवणारे प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं आणि मी तीन तासांवरच्या दुसऱ्या शहरात राहायला गेले. सुरुवातीला महिन्याला घरी जायचे, मग सहा महिन्यांनी. मामी गेली तेव्हा आठ दिवस राहिले आणि परत आले. त्यानंतर फोन व्हायचे ते वर्षातून दोनदा, वाढदिवसाचे. एक त्याचा, एक माझा.

माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र होता. अंगाने असा की सगळे त्याला पेन्सिल म्हणायचे. त्याच्या डोक्यात एक सॉफ्टवेअर होतं. एका कानात एक सूर सोडायचा, दुसऱ्या कानात त्याहून किंचित वरचा. दोन्ही सूर एकदम ऐकले की त्यांच्यातल्या फरकाचा एक हलका हेलकावा जाणवतो. तो हवेत कुठेच नसतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. मेंदूच्या लहरी त्या हेलकाव्याशी जुळतात, आणि हेलकावा संथ ठेवला तर माणसाला झोप येते, असं काही लोक म्हणतात. काही म्हणतात, छे. आम्ही पहिल्यांच्या बाजूचे होतो. ज्याला जशी हवी तशी ध्वनिफीत आमचं सॉफ्टवेअर तयार करून द्यायचं: झोपेसाठी, अभ्यासासाठी, मन शांत करण्यासाठी. मागे समुद्र हवा तर समुद्र, वारा हवा तर वारा.

सगळा कोड मी लिहिला. दोन वर्षं लिहीत होते. ते खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. सूर खरे होते, हेलकावाही खरा होता. झोपेचं तेवढं आम्हाला माहीत नव्हतं.

ते बघायला आम्ही चौतीस माणसं जमवली. त्यांनी दोन महिने रोज फीत ऐकायची आणि सकाळी किती तास झोप झाली, कशी झाली, ते सॉफ्टवेअरमधल्या डायरीत भरायचं. साठीच्या पुढची माणसं आम्हाला कमी पडत होती. मी मामाला फोन केला.

"मामा, झोप लागते का रे तुला?"

"मामी गेल्यापासून कुठली झोप! त्यात कानात शिट्टी वाजते. कुकर लावून ठेवलाय जणू कुणीतरी."

"मी काहीतरी पाठवते. हेडफोन घालून ऐकायचं. रोज सकाळी किती झोप झाली ते भरायचं हं मात्र."

"तू बनवलंयस?"

"मीच."

"मग पाठव की. विचारतेस काय!"

मी चांगले मऊ हेडफोन निवडले, कुरियर केले. डाव्या कानाचा विचारही मनात आला नाही. जिच्या जेवणाची जागासुद्धा त्या कानाने ठरवली होती, तिने त्या माणसाला दोन कानांचं यंत्र पाठवलं.

म्हाताऱ्या मंडळींची चौकशी माझ्याकडे होती. दर रविवारी सकाळी मी नऊ जणांना फोन करायचे. बाकीचे कुरकुरायचे. कुणाला कान दुखले, कुणी डायरी भरायला विसरलं, एका बाईंनी तर हेडफोन नातीला देऊन टाकले. मामाचा मात्र एक दिवस चुकला नाही. पहिल्या आठवड्यात साडेतीन तास, दुसऱ्यात चार, मग पावणेपाच. आकडे असे चढत होते, जसा कुणी जिना बांधतोय.

"कसं वाटतंय, मामा?"

"फारच छान. सकाळी अंग हलकं. तुझं काय? जेवतेस का वेळेवर?"

त्याला फोन मी सगळ्यांत शेवटी करायचे, कारण तो लवकर संपायचा नाही. शेजारच्यांची मांजर, गच्चीची गळती, छापखान्याच्या जागी उभं राहिलेलं दुकान. मी घड्याळाकडे बघत "हं, हं" करायचे आणि डायरीतला आकडा टिपून घ्यायचे.

दोन महिने संपले तेव्हा मामाने आपण होऊन पत्र पाठवलं. टपालाने, स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. "दोन्ही कानांत यंत्र घट्ट बसवतो," असं त्यात लिहिलं होतं, "आणि डोक्याच्या मधोमध पाळणा हलल्यासारखं वाटतं." मी ऑफिसात टेबलाशी उभी राहून ते वाचत होते. 'दोन्ही कानांत' या शब्दांवर आले आणि जीभ चावली.

मी पत्र पेन्सिलला दाखवलं. मामाच्या कानाचं सांगितलं. तो इतका हसला की त्याला चहाचा कप खाली ठेवावा लागला. "म्हणजे तू तुझ्या सख्ख्या मामालाच मामा बनवलंस!"

मीही हसले. खरं सांगायचं तर पोटभर हसले.

मग मी म्हटलं, "त्याचे आकडे काढावे लागतील. एका कानाने ऐकून हेलकावा कसा तयार होईल?"

"का काढायचे? झोप लागली ना त्यांना? लागली. मग झालं तर."

मी संगणकावर मामाचे आकडे काढून पाहिले. साठीच्या पुढच्यांची रेघ मधेच बसली. बाकीच्या आठांपैकी पाच जणांनी डायरी अर्ध्यात सोडली होती. मामा गेला की त्या रेघेत फारसं काही उरत नव्हतं. मी आकडे परत घातले. रेघ उभी राहिली. त्यावर मी कुणाशी काही बोलले नाही.

पुढच्या महिन्यात आवाजाची उपकरणं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा एक मेळावा होता. दीडेकशे माणसं, दुपारची वेळ, एक लांबट सभागृह. मी मंचावर उभं राहून आमचं काम सांगितलं, मोठ्या पडद्यावर आलेख दाखवला. साठीच्या पुढच्यांची रेघ सगळ्यांत उंच. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्या कानाच्या डॉक्टर होत्या.

"आलेख छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे सुरांमुळे झालं की आपल्याला बरं वाटणार या नुसत्या विश्वासामुळे, हे तुम्ही कसं ओळखलं?"

'अजून ओळखता आलेलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण मी मंचावर होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला हुशार दिसायचं होतं.

"विश्वासाची ताकद आम्हालाही माहीत आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे एक आजोबा आहेत. एक कान ठार बहिरा! हेलकाव्याला कान लागतात दोन. पण ते लिहितात, डोक्यात पाळणा हलतो. तीन पानी प्रशस्तिपत्र पाठवलंय त्यांनी." पानं दोन होती, मी एक वाढवलं. लोक हसायला लागले तसा मला चेव आला. "नात्याने ते माझे मामा लागतात. म्हणजे मामा होतेच, आम्ही फक्त बनवले!"

सभागृहात एकच हशा पिकला. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या आणि प्रश्न तिथेच राहिला. मी हसत मागपर्यंत नजर फिरवली आणि शेवटच्या रांगेत मला मामा दिसला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मान थोडी वळवून, चांगला कान मंचाकडे करून बसला होता. तोही हसत होता. सगळे हसतायत म्हणून हसत होता. एवढ्या लांबून त्याला नीट ऐकू आलंच नव्हतं. मग तो शेजारच्या माणसाकडे वळला आणि त्याने काहीतरी विचारलं. तो माणूस भला होता. तो वाकला आणि मामाच्या उजव्या कानात सगळं सांगू लागला. हाताने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मग पाळणा हलवल्यासारखा हात केला. मला मंचावरून सगळं दिसत होतं. मामा मान हलवत ऐकत होता. हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, नुसतं ओठांवर.

पुढच्या प्रश्नांना मी काय उत्तरं दिली, मला आठवत नाही.

फीत ऐकणाऱ्या सगळ्यांना पेन्सिलने परस्पर आमंत्रणं धाडली होती, हे मला नंतर कळलं. चहाच्या वेळी मामा मला शोधत आला. हातात बिस्किटाची बशी होती.

"छान बोललीस," तो म्हणाला. "आवाज मागपर्यंत येत होता."

"मामा, तू... कळवायचंस ना."

"म्हटलं, अचानक जावं. बरं, मी निघतो. चारची बस आहे."

"थांब ना. मी सोडते."

"तू कामात आहेस." त्याने बशी टेबलावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. "चल."

मी त्याच्या मागे दारापर्यंतसुद्धा गेले नाही. कुणीतरी माझं अभिनंदन करत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन हातात घेतला आणि ठेवला. पुढच्या रविवारीही तेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी रोज ऑफिसात जात होते, जेवत होते, लोकांशी बोलत होते. याचीच जास्त लाज वाटायची. कुणी मोठ्याने हसलं की मान आपोआप खाली जायची. पेन्सिल म्हणाला, "अगं, ते विसरलेसुद्धा असतील." विसरायचं काम आमच्या घरात मी करते, हे त्याला सांगायला मला तोंड नव्हतं.

एकोणीस दिवसांनी मी सुट्टी काढली आणि सकाळच्या बसने गेले.

मामाने दार उघडलं. "अरे, ठमाबाई!" एवढंच म्हणाला आणि आत वळला. चहा टाकला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो रेडिओचं मागचं झाकण उघडून बसला होता. हेडफोन खिडकीत ठेवले होते, खोक्यात, वायर नीट गुंडाळलेली.

"मामा, मी चुकले," मी म्हणाले.

"साखर कमी आहे. चालेल?"

"मामा."

त्याने पेचकस खाली ठेवला. "ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "यंत्र घातलं तर एका कानात नुसतं 'ऊं'. फ्रिज चालू झाल्यासारखं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, दोन्ही कान लागतात. मराठी वाचता येतं मला."

"मग तू ते आकडे?"

"मनाने भरले."

"सगळे?"

"एकदम आठ तास भरले तर तुला शंका आली असती. म्हणून हळूहळू चढवत नेले. छापखान्यात नवीन मशीनचा वेग असाच चढवायचो." क्षणभर त्याला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं, मग ते गेलं.

"पण कशाला, मामा? लागू पडत नाही म्हणून सांगायचंस. मी दुसरं काहीतरी..."

"काय सांगायचं? सांगितलं असतं की तू म्हणाली असतीस, बरं मामा, राहू दे. आणि रविवारचा फोन बंद." त्याने चहा गाळला. "तीन वर्षं वाढदिवसाला फोन करत होतीस, आणि आता दर रविवारी. अर्धा अर्धा तास. तुला तेवढ्यासाठी काहीतरी आकडा लागत होता. माझ्याकडे दुसरं काय होतं द्यायला?"

चहाचा कप त्याने माझ्यासमोर ठेवला. मला तो उचलता येईना. ते "हं, हं" आठवत होतं, घड्याळाकडे बघणं आठवत होतं.

"आणि त्या दिवशी," मी कसंबसं म्हणाले, "तुला फार वाईट वाटलं असेल."

त्याने रेडिओतली एक सैल वायर बोटाने आत दाबली.

"बहिरा म्हणालीस त्याचं नाही. बहिरा आहेच की मी. पण त्या शेजारच्या माणसाने विचारलं, तुम्ही ओळखता का यांना? तर मी म्हटलं, नाही. सहज आलोय." त्याने मान हलवली. "तुझ्या शाळेत, कॉलेजात, कुठेही गेलो तरी दारातच सांगायचो, मी हिचा मामा. तिथे म्हटलं, नाही. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. तुझा राग नाही गं आला. माझीच मला लाज वाटली, इतकी की बसमध्ये कुणाकडे बघवेना."

मी रडले. त्याने रडू दिलं. जवळ येऊन पाठीवरून हात फिरवेल असं मला वाटलं होतं, लहानपणी फिरवायचा. तो उठला नाही.

त्या दुपारी मी तिथेच बसून एक पत्र लिहिलं. मेळाव्याला आलेल्या सगळ्यांना पाठवायचं होतं. त्यात मी सगळं घातलं: आलेख खोटा कसा होता, मला माहीत असून मी तो कसा दाखवला, ज्या माणसाने मला वाढवलं त्याची मी चारचौघांत कशी टिंगल केली, तो सभागृहातच कसा होता, आणि मी त्याची जाहीर माफी मागते. लिहून झाल्यावर जरा मोकळं वाटलं. मी ते मामाला वाचायला दिलं.

त्याने चष्मा लावला. शाईचं पेन घेतलं आणि आलेखाच्या चार ओळी सोडून बाकी सगळ्यावर एकच तिरपी रेघ मारली.

"हे कशाला?"

"मला माफी मागायची आहे, मामा. ज्यांच्यासमोर तुझी टिंगल केली त्यांच्यासमोर."

"त्या दीडशे लोकांशी माझं काय नातं? ते माझ्या नावाने एकदा हसले. आता एकदा हळहळतील, आणि तुला म्हणतील, किती मोठं मन!" त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "आकडे चुकीचे होते, ते कळव. ते तुझं काम आहे, कामात खोट नको. माझं राहू दे. ते वाटू नकोस सगळ्यांना."

"मग तुझी माफी कशी मागू?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखा तो म्हणाला.

मी चार ओळींचं पत्र पाठवलं. साठीच्या पुढच्यांचा आलेख विश्वसनीय नाही, एका माणसाचे आकडे चुकीचे होते हे ठाऊक असूनही मी ते वापरले, तो दावा आम्ही मागे घेत आहोत. कानाच्या डॉक्टरबाईंचं एका ओळीचं उत्तर आलं: कळवलंत, बरं झालं. पेन्सिल आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "एका म्हाताऱ्यापायी दोन वर्षांचं काम पाण्यात घातलंस." मी बाहेर पडले. सॉफ्टवेअर त्याच्याकडेच आहे. आता त्यावर झोपेचा दावा नाही, नुसतं 'शांत आवाज' असं लिहिलेलं असतं, आणि लोक घेतात म्हणे. मी सध्या मालवाहू गाड्या मागे घेताना जो इशारा वाजतो, त्याचं काम करते. त्याला एक कान पुरतो.

मामाला मी रविवारी फोन करते. हातात वही नसते, घड्याळ उशीखाली ठेवते. पहिल्या काही रविवारी तो दोन मिनिटांत ठेवून द्यायचा, "भाजी आणायची आहे" म्हणून. एकदा तर सरळ म्हणाला, "आज नको, आज बोलावंसं वाटत नाही." मी "बरं" म्हणाले आणि दिवसभर घरात नुसती इकडून तिकडे फिरत राहिले. हल्ली बोलतो. मांजरीला तीन पिल्लं झाली, एक काळं आहे, ते त्याच्या रेडिओवर येऊन बसतं.

झोपेचं विचारायचं मी किती तरी आठवडे टाळत होते. मागच्या रविवारी विचारलं.

"नाही लागत," तो म्हणाला. "कालही नाही लागली."

"मग काय करतोस?"

"पडून राहतो. शिट्टी ऐकतो."

मी फोन तसाच कानाला धरून बसले. त्यानेही ठेवला नाही. पलीकडे नळ चालू झाल्याचा आवाज आला, मग भांडी घासल्याचा.